चाक फिरून राह्यलं, बंडी जागेवरच

काम छोटं होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या वेबसाइटवर एक पान आहे. शेतकऱ्याने सभासद क्रमांक टाकायचा, बटण दाबायचं आणि आपल्या कापसाची पट्टी पाहायची: किती क्विंटल भरला, ओलावा किती धरला, भाव काय लागला आणि चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, खात्यात कधी गेला. सचिवांची तक्रार एवढीच होती की बटण दाबल्यावर पान नुसतं पांढरं राहतं आणि लोकांना वाटतं बंद पडलं. तिथे काहीतरी फिरतं लावून द्या, म्हणाले. "एका दिवसाचं काम आहे नं भाऊ?"

मी हो म्हणालो. दिवाळीनंतर हात घातला आणि संक्रांत उलटून गेली तेव्हा ते पान माझ्या मनासारखं झालं.

सुरुवातीचे दोन दिवस मी कोड उघडलाच नाही. खरेदी केंद्रावर, धरमकाट्याशेजारच्या खोलीत संगणकवाल्या ताईंच्या बाजूला खुर्ची टाकून बसलो. बाहेर ट्रॅक्टर आणि मेटॅडोरची रांग, आणि रांगेतला जो तो मोबाईलवर पट्टी उघडायच्या खटपटीत. बटण एकदा दाबून कोणीच थांबत नव्हतं. चार-पाच वेळा दाबायचे, मग फोन डोक्याच्या वर धरायचे, मग परत दाबायचे. प्रत्येक दाबण्यासरशी सर्व्हरकडे नवी विचारणा जायची आणि तिथली रांग बाहेरच्या रांगेपेक्षा लांब व्हायची. एका पोराने स्वतःचा क्रमांक टाकला, धीर सुटला म्हणून वडिलांचा टाकला. पहिल्या विचारणेचं उत्तर दुसऱ्यानंतर आलं आणि वडिलांच्या नावाखाली पोराचा कापूस दिसला. तिथल्या तिथे घरचं भांडण. तेव्हा लक्षात आलं की पांढरं पान हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही, त्यातून चुकीचा हिशोब डोळ्यांसमोर येतोय.

माणूस पडद्यापुढे किती वेळ थांबतो याचे ठोकताळे जुने आहेत. संगणक-वापराचे अभ्यासक रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली मांडलेल्या विचारावर त्याच विषयातले जेकब नील्सन यांनी १९९३ साली तीन आकडे पक्के केले: ०.१ सेकंदात उत्तर आलं तर ते लगेच आल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं. आमचं पान नेट बरं असेल तर ५-६ सेकंद घ्यायचं; नसेल तर बोलायलाच नको. रांगेतला एक जण म्हणाला, "यापेक्षा शकुंतला लवकर येत होती." मूर्तिजापूर-यवतमाळची ती छोट्या रुळांची गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा टोमणा कळेल.

आधी पानाचा वेग वाढवावा, मग त्याला सजवावं, एवढी अक्कल होती. सभासद क्रमांकावर इंडेक्स, म्हणजे नोंद चटकन सापडवणारी सूची, नव्हता; तो लावला. एका पट्टीसाठी अख्ख्या हंगामाच्या नोंदी मोबाईलवर उतरत होत्या, त्या कमी केल्या. निम्मा वेळ तिथेच वाचला. उरलेला निम्मा टॉवरच्या हातात होता, आणि टॉवर माझ्या हातात नव्हता.

मग चाक आलं. सचिवांची इच्छा होती की फिरतं जे काही असेल ते आपलं असावं, परदेशी गोल नको. बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, चाक ठरलं. मलाही आवडलं. तुंबा, आरे, वर लोखंडी धाव. एका डिझायनर मित्राकडून झकास जिफ, म्हणजे हलतं चित्र, करून घेतलं. लाकडाचे रेशे दिसायचे त्यात. वजन साधारण ३५० केबी.

हिशोब आधी करायला हवा होता, मी नंतर केला. ३५० किलोबाइट म्हणजे २८०० किलोबिट. सेकंदाला ४०० किलोबिटच्या नेटवर ते उतरायला ७ सेकंद लागतात. पट्टीचा मजकूर तेवढ्या वेळात येऊन बसायचा. म्हणजे वाट पाहायला सांगणारं चित्र स्वतःच वाट पाहायला लावत होतं, आणि वर त्याच अरुंद वाटेवर पट्टीच्या पुढे आडवं उभं राहत होतं. पाहुण्याला बसायला पाट आणायला गेलेला माणूस दारातच अडकावा, तसं. शिवाय जिफ हे १९८७ चं रूप: रंग जास्तीत जास्त २५६, आणि अर्धपारदर्शक कडा नाहीच, त्यामुळे चाकाभोवती पांढरी कातरलेली किनार दिसायची.

जिफ काढलं आणि चाक एसव्हीजीमध्ये, म्हणजे रेघा-वर्तुळांचं वर्णन लिहून काढायच्या चित्रपद्धतीत, हाताने लिहिलं. एक वर्तुळ, मध्ये एक लहान वर्तुळ, १२ रेघा. एक केबीच्या आतबाहेर. ते आणि त्याची दहा ओळींची सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) मी वेगळ्या फाइलीत न ठेवता पानाच्या डोक्यातच घातली. कारण असं की जोडणी झाल्यावर सर्व्हर पहिल्या फेरीत सुमारे १४ केबीच पाठवतो आणि पोच आल्यावर पुढचं. जे त्या पहिल्या घासात बसतं ते आधी दिसतं. वाट पाहण्याची खूण तिथेच हवी.

फिरवायचं कसं, यात मी चुकलो. घाईत जुन्या सवयीने जावास्क्रिप्टच्या, म्हणजे पानातल्या कोडच्या, टायमरने किती वेळ झाला ते पाहून कोन वाढवत गेलो. माझ्या लॅपटॉपवर लोण्यासारखं फिरलं. केंद्रावर एका जुन्या फोनवर पाहिलं तर चाक उलटं फिरत होतं.

हे समजून घेण्यासारखं आहे. चाकाला १२ सारखे आरे, म्हणजे दर ३० अंशांनी ते हुबेहूब आधीसारखं दिसतं. मी एक फेरी ०.८ सेकंदात ठेवली होती, म्हणजे सेकंदाला ४५० अंश. पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल तर प्रत्येक चित्रात चाक साडेसात अंश पुढे जातं आणि डोळ्याला पुढे गेलेलं कळतं. पण दमलेल्या फोनवर सेकंदाला १५ चित्रंच जमली, तर प्रत्येक वेळी चाक बरोबर ३० अंश सरकतं, आणि डोळ्याला ते ठार उभं दिसतं. १६ जमली तर २८ अंशांच्या आसपास, म्हणजे थोडं मागे. सिनेमात पळत्या टांग्याची चाकं उलटी दिसतात, तोच प्रकार. उपाय साधे होते: एक आरा गडद केला, वेग कमी करून फेरी २ सेकंदांची केली, आणि फिरवण्याचं काम जावास्क्रिप्टकडून काढून सीएसएसकडे दिलं.

हे शेवटचं का, तेही सांगतो. ब्राउझरमध्ये मुख्य कामाचा गडी एकच असतो. तो हिशोब करतो, पान मांडतो, बटणं ऐकतो. पट्टी आल्यावर तो तिच्या ओळी लावण्यात गुंतला की टायमर खोळंबतो, म्हणजे ज्या क्षणी खुणेची गरज सर्वात जास्त त्याच क्षणी ती गोठते. सीएसएसच्या कीफ्रेम्सनी (हालचालीचे लिहून दिलेले टप्पे) नुसता ट्रान्सफॉर्म, म्हणजे फिरवणं-सरकवणं, किंवा पारदर्शकता बदलली, तर ते काम ब्राउझर सहसा वेगळ्या गड्याकडे सोपवतो आणि मुख्य गडी अडकला तरी चाक फिरत राहतं. रुंदी, डावी बाजू, मार्जिन हलवाल तर पान पुन्हा पुन्हा मांडावं लागतं. एसव्हीजीच्या रेघेचा डॅश-ऑफसेट, म्हणजे तुटक रेघेची सुरुवात, सरकवून कमान वाढवण्याची युक्ती देखणी आहे, पण तीही मुख्य गड्याच्याच मानेवर बसते. आणखी एक बारीक गोष्ट: टायमिंग लिनिअर, म्हणजे एकसारख्या वेगाचं, लिहायला विसरू नका. काही न लिहिल्यास ब्राउझर ईज धरतो, आणि दर फेरीच्या शेवटी चाक दम खाल्ल्यासारखं हळू होतं.

आता सगळं व्यवस्थित होतं. चाक गुळगुळीत, हलकं, देशी. मी पैसे मागायच्या तयारीने केंद्रावर गेलो.

काट्यावर रांगेत एक काकाजी होते, साठीच्या पुढचे. पंधरवड्यापूर्वी कापूस घातला होता. त्यांनी क्रमांक टाकला, बटण दाबलं. चाक फिरू लागलं. मी उगाच विचारलं, "कसं वाटलं काकाजी?"

त्यांनी फोन लांब धरून बराच वेळ पाहिलं. "चाक फिरून राह्यलं," ते म्हणाले, "पण बंडी तं काई हालून नाई राह्यली. फसली नं भाऊ तुमची बंडी."

आजूबाजूचे हसले. मी हसू शकलो नाही, कारण माणूस शंभर टक्के बरोबर बोलत होता. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर जागच्या जागी फिरणारं चाक म्हणजे काय, हे या भागात लहान पोरालाही सांगावं लागत नाही. बैल हुसकायचे, चाकाखाली दगड-पऱ्हाट्या टाकायच्या. आणि हे लोक तेच करत होते की: चाक फिरलं की बटण आणखी जोरात दाबत होते. "काम चालू आहे" याची खूण म्हणून आपण जे जगभर फिरवतो, ते इथे "अडलं आहे" असं वाचलं जात होतं.

आणि चाक थांबलंच नाही. तीन मिनिटं झाली. काकाजींचा फोन कार्यालयाच्या वायफायवर होता, टॉवरला दोष देता येत नव्हता. ताईंनी त्यांच्या संगणकावर तोच क्रमांक टाकला, तिथेही चाक. मी तिथेच लॅपटॉप उघडून बसलो.

जुना कोड असा होता: वजनाची नोंद आण, भावाची आण, चुकाऱ्याची आण, चुकाऱ्याची नोंद रिकामी आली तर दोन सेकंदांनी पुन्हा विचार. लिहिणाऱ्याने धरून चालला होता की रिकामं म्हणजे अजून पोचलं नाही. काकाजींच्या चुकाऱ्याची नोंद वहीत नव्हतीच, कारण त्या लॉटचे पैसे बँकेत पाठवलेच गेले नव्हते. पान दर दोन सेकंदांनी नसलेली गोष्ट मागत होतं, आणि मी त्यावर देखणं चाक चढवून दिलं होतं. आधी पांढऱ्या पानात निदान संशय तरी होता.

त्या दिवशी पैशांचं बोलणं काढलं नाही.

पुढचा आठवडा चाकाच्या जागी काय, यात गेला. पहिला विचार टक्केवारीच्या पट्टीचा. लोकांना किती झालं ते कळलेलं आवडतं, हे संशोधक ब्रॅड मायर्स यांनी १९८५ सालीच दाखवलं आहे. उतरलेले बाइट्स मोजायचे, सर्व्हरने सांगितलेल्या एकूण लांबीने भागायचे. चाचणीत आकडा ४०० टक्क्यांच्या घरात गेला. सर्व्हर मजकूर दाबून पाठवत होता आणि लांबी दाबलेल्या मजकुराची सांगत होता. ब्राउझर मात्र मला उलगडलेले बाइट्स मोजून देत होता. गठाण मोजून रुईचा फुगारा भरायला घेतला तर असंच होणार. दुरुस्ती होती, पण एवढ्याशा मजकुराला टक्केवारी कशाला, म्हणून सोडून दिली. वेळ उतरण्यात जातच नव्हता, विचारण्यात जात होता.

मोह आणखी एक झाला. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या क्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की शेवटाकडे वेग घेणारी पट्टी लोकांना लवकर संपल्यासारखी वाटते आणि शेवटी अडखळणारी लांबलेली वाटते, वेळ तोच असला तरी. म्हणजे पट्टी खोटी पळवली तरी चालतं. खेळाच्या ॲपमध्ये मी कदाचित पळवलीही असती. चुकाऱ्याच्या पानावर हात धजला नाही.

हल्लीच्या रीतीप्रमाणे राखाडी ठोकळ्यांचा सांगाडाही लावून पाहिला: मजकूर यायच्या आधी त्याच्या जागी फिकट पट्ट्या. एका भावाने फोन ताईंपुढे आणून दाखवला, "माझी पट्टी कोरीच निघाली." सांगाडा त्याच दिवशी उतरवला. मग मला सुचलं की धरमकाट्यासारखे आकडे नाचवावेत; काटा स्थिर होईपर्यंत थांबायची सवय इथे सगळ्यांनाच आहे. ताईंनी एका वाक्यात उडवून लावलं: "नाचता नाचता जो मोठा आकडा दिसंल नं, तोच आपला मानतील, आन् मग मले विचारतील."

शेवटी उरलं ते अगदी साधं. एकामागून एक उमटणाऱ्या तीन ओळी. सुरुवातीला "तुमचा कापूस शोधत आहे", आणि तो सापडला की त्याच जागी वजनाचा खरा आकडा. त्याखाली "भाव पाहत आहे", मग भाव. त्याखाली "चुकारा पाहत आहे". चालू ओळीपुढे तीन ठिपके पारदर्शकतेने मंद उजळतात, एकाआड एक. तिघांना एकच कीफ्रेम, फक्त सुरुवात ०.२ सेकंदांनी मागेपुढे. हीच ती सगळी ॲनिमेशन. पाहणाऱ्याला गाव जवळ आल्यासारखं वाटतं, कारण ते खरंच जवळ आलेलं असतं.

ठिपके लगेच दाखवत नाही. ०.३ सेकंदांच्या आत उत्तर आलं तर ते कधीच दिसत नाहीत, नाहीतर नुसती चमक डोळ्यात जाते. एकदा दिसले की निदान अर्धा सेकंद राहतात. त्याच क्रमांकासाठी बटण दाबल्याबरोबर बंद होतं आणि दुसऱ्या क्रमांकाची नवी विचारणा सुरू झाली की जुनी रद्द होते, त्यामुळे बाप-लेकाचं भांडण मिटलं. १२ सेकंदांत काही आलं नाही तर ठिपके थांबतात आणि लिहून येतं: "नेट अडलं. तुमचा क्रमांक जपला आहे, पुन्हा पाहा." किती तरी पानांवर चाकाला सुरुवात असते, शेवट लिहिलेलाच नसतो. सर्व्हरकडून मजकूर मागवणारी ब्राउझरची फेच नावाची सोय आपणहून ठरावीक वेळेनंतर हात सोडत नाही, तो सोडायला आपण सांगावं लागतं.

उन्हाचं मला आधी सुचलंच नव्हतं. खोलीत शोभणारे फिकट राखाडी ठिपके काट्यापुढच्या दुपारच्या उन्हात कोणालाच दिसत नव्हते. वेबसाइट सगळ्यांना, अपंगांनाही, वापरता याव्यात म्हणून केलेल्या २०१८ च्या सुगम्यता नियमांत (डब्ल्यूसीएजी २.१) अशा चित्रखुणांना पार्श्वभूमीशी किमान ३ ला १ उठाव सांगितला आहे. मी गडद निळा घेऊन त्याच्या बराच वर गेलो. अक्षरांचंही तसंच. साइटवर एक सुंदर देवनागरी फाँट होता, जोडाक्षरांमुळे चांगलाच जड. तो उतरेपर्यंत ब्राउझर तीनेक सेकंद मजकूर लपवून ठेवू शकतो, म्हणजे "शोधत आहे" हे शब्दच शोधावे लागणार. या पानावर फोनमधलाच फाँट ठेवला. ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी करण्याची सेटिंग केली आहे, त्यांच्यासाठी ठिपके स्थिर राहतात आणि ओळी तशाच बदलतात. ओळींची जागा स्टेटस म्हणून आधीच, रिकामी, पानात ठेवली आहे, म्हणजे ज्याला दिसत नाही त्याचा फोन बदललेली ओळ बोलून दाखवतो.

तिसऱ्या ओळीचं उत्तर मात्र मला लिहिता येईना. नोंद रिकामी आली तर काय म्हणायचं? ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जे हाये ते लिवा." म्हणून लिहिलं: "चुकारा: अजून बँकेत पाठवलेला नाही."

संक्रांतीनंतर दोन-चार दिवसांनी ते पान चालू झालं. काकाजी आले होते. वजन उमटलं, भाव उमटला, तिसरी ओळ उमटली. त्यांनी ती दोनदा वाचली, फोन खिशात घातला आणि काही न बोलता सचिवांच्या खोलीकडे निघाले. त्यांच्यामागे आणखी दोघे गेले.

रात्री सचिवांचा फोन आला. पान चांगलं झालं म्हणाले, आता लवकर उघडते. मग थोडं थांबून म्हणाले, "भाऊ, ते बंडीचं चाक बी काई वाईट नव्हतं. परत लावता येते काय?"

मी म्हटलं, येते. पण आता ते १२ सेकंदांनी थांबेल, आणि खालची ओळ तीच राहील.